समजलंच असेल

सकाळी सात वीसला आमच्या महाविद्यालयातल्या अकरा नंबरच्या खोलीत उजेड येतो, तो फळ्याच्या वरच्या दोन झरोक्यांतून. शिकवणाऱ्याच्या डोक्यावरून, बाकांवरून, कुणालाही न शिवता तो थेट मागच्या भिंतीवर जाऊन छताखाली टेकतो. त्या वेळी त्याचा रंग पातळ चहासारखा असतो. मग तो इतक्या सावकाश खाली सरकू लागतो, की सरकताना दिसत नाही, सरकलेला तेवढा दिसतो. साडेसातला तो बंद पडलेल्या घड्याळापाशी येतो. सात चाळीसला रंगाचा एक पोपडा उजळतो. त्याचा आकार मान आत घेऊन बसलेल्या पक्ष्यासारखा आहे. सात पन्नासला खुंट्या येतात. खुंट्या सहा, पाचवी तुटलेली. तिथे उजेड दाट होतो, त्यात खडूची धूळ तरंगते. आठच्या सुमारास तो शेवटच्या बाकाच्या पाठीवर उतरतो, आणि पाच मिनिटांत माझा तास संपतो.

हे सगळं मला पाठ आहे. त्या खोलीत मी दोन वर्षं संख्याशास्त्र शिकवतो आहे.

त्या हिवाळ्यात मी एक योजना मांडली होती. आमच्याकडे प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी दरवर्षी दोन दिवसांचं शिबिर होत असे. बाहेरून कुणीतरी येई, शिकवावं कसं यावर चार तास व्याख्यान देई, आणि आम्ही प्रमाणपत्रं घेऊन घरी जात असू. अर्थशास्त्राचे सर म्हणत, "झोप छान लागते हो. फक्त टाळ्यांनी मोडते."

माझं म्हणणं वेगळं होतं. पंधरवड्यातून एकदा प्रत्येकानं एका सहकाऱ्याच्या तासाला शेवटच्या बाकावर जाऊन बसावं. शिकवणाऱ्याबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही. फक्त विद्यार्थ्यांनी काय केलं आणि किती वाजता, एवढंच टिपायचं. नंतर दोघांनी अर्धा तास त्या कागदावर बोलायचं. प्राचार्यांनी मान डोलावली. "सहा जण तयार झाले तर चालू करू. महिनाअखेरपर्यंत सहा सह्या आणा. नाही तर आपलं शिबिर आहेच."

पाच मिळाल्या. सहावी रसायनशास्त्राच्या बाईंची हवी होती. बाई अठ्ठावीस वर्षं शिकवत होत्या, आणि त्यांच्यापुढे प्राचार्यसुद्धा खुर्चीत सावरून बसत. त्यांनी माझ्या योजनेची नऊ पानं प्रयोगशाळेतल्या उंच स्टुलावर बसून, चष्मा कपाळावर सरकवून, शेवटपर्यंत वाचली. मग वेळापत्रकावर बोट ठेवलं.

"यात तुमचं नाव कुठाय?"

"मी संयोजक आहे, बाई. खाली लिहिलंय."

"ते दिसलं. म्हणजे वाढपी. जेवायला कधी बसणार?"

मी हसलो. सगळ्यांचं मार्गी लागलं की बघू, असं काहीतरी पुटपुटलो.

"मी सही करते," बाई म्हणाल्या. "माझ्या वर्गात कुणीही या, दार उघडंच असतं. पण आधी मी तुमच्या तासाला बसणार."

त्यानंतरचे बारा दिवस मी कारणं शोधण्यात घालवले. एका आठवड्यात चाचणी होती. पुढच्यात उजळणी. नंतर म्हणालो, सध्याचा भाग फार आकडेमोडीचा आहे, तुम्हाला कंटाळा येईल. बाई प्रत्येक वेळी "बरं" म्हणत आणि परीक्षानळ्या धुवायला वळत. घरी ताईला हे सांगताना मी योजना कशी लोंबकळते आहे तेवढंच बोललो. ती भाजी निवडत होती.

"बसू दे की त्यांना. खातात का त्या तुला?"

"प्रश्न तो नाहीये, ताई."

"मग काय आहे? आणि हे तू पंख्याला सांगतोयस की मला?"

मी मान खाली केली. ताईला लहानपणापासून चेष्टेची सवय आहे, असं मी मनाशी म्हटलं.

महिना संपायला दोन दिवस राहिले तेव्हा बाई न विचारताच आल्या. सात वीसला मी हजेरी घेत होतो, तेव्हा त्या मागच्या दारानं शिरून शेवटच्या बाकावर, तुटक्या खुंटीच्या बरोबर खाली बसल्या. मी शिकवायला लागलो. तो तास चांगला झाला, असं मला वाटलं. संभाव्यतेची मांडणी मी आदल्या दिवशी तीनदा घासूनपुसून घेतली होती. फळ्यावर एकही आकडा चुकला नाही, आणि उजेड पोपड्यापाशी पोहोचला तेव्हा मी नेमका मांडणीच्या मधल्या पायरीवर होतो. शेवटी उजेड बाईंच्या खांद्यावर उतरला. मी डस्टर ठेवलं.

प्रयोगशाळेत त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला आणि आधी सहीचा कागद ओढून सही केली. सहावी. मला हायसं वाटलं. उठावं असंही वाटलं.

"बसा. अर्धा तास बोलायचं असं तुम्हीच लिहिलंय."

"तास ठीक झाला ना, बाई?"

"शिकवणाऱ्याबद्दल लिहायचं नाही, हाही तुमचाच नियम. मी तो मोडलेला नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण तोंडी एक विचारू? तुम्ही दर दहा मिनिटांनी 'समजलंच असेल' असं म्हणता. 'समजलं का' असं नाही."

"सवय आहे."

"'समजलं का'ला पोरं 'नाही' म्हणू शकतात. त्या 'च'ला काय उत्तर देणार बिचारी? तो 'च' म्हणजे कडी लावलेलं दार आहे, सर."

मी समोरचा कप उचलला आणि तसाच परत ठेवला.

"आणि अहो, मला वाटलं माझ्या डोक्यावर पाल आहे. दोनदा मान वळवून बघितलं मी. सारखे तिकडेच बघत होता तुम्ही." त्या हसल्या. त्या हसण्यात बोचरं काही नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. मग त्यांनी त्यांचा कागद माझ्याकडे सरकवला आणि पाठ करून बाटल्यांच्या चिठ्ठ्या तपासू लागल्या. मला एकट्याला वाचता यावं म्हणून, हे मला कळलं.

कागदावर आठच ओळी होत्या, बाईंच्या उभ्या, सुवाच्य अक्षरात.

सात पंचवीस: सगळे लिहीत आहेत. सात चौतीस: खिडकीकडचे दोघे थांबले, एकमेकांच्या वहीत बघितलं. सात एकेचाळीस: तिसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. सात चव्वेचाळीस: हात खाली. सात पन्नास: तिनंच पुन्हा हात वर केला. सात बावन्न: हात खाली, वही मिटली. सात पंचावन्न: लिहिणारे चार. आठ: लिहिणारं कुणी नाही.

तीन मिनिटं हात वर धरून ठेवणं म्हणजे किती वेळ, ते मी मनातल्या मनात मोजून पाहिलं. ती मुलगी कोण, हे आठवायचा प्रयत्न केला. सात एकेचाळीसला काय दिसत होतं, ते मला अगदी स्वच्छ आठवत होतं: तो पोपडा, पक्ष्याची आत घेतलेली मान, तिच्यावर नुकताच उतरलेला उजेड. सात पन्नासला खुंट्या. तिसऱ्या बाकावरचं मात्र काहीच आठवेना. वेणी नाही, चष्मा नाही, हाताचा रंगसुद्धा नाही.

चहा निवला होता. मी पेन काढलं, वेळापत्रकातला 'संयोजक' खोडला आणि सातव्या ओळीत माझं नाव लिहिलं. बाईंनी वळून पाहिलं.

"सांगा की," त्या म्हणाल्या. "काय आहे तिकडे भिंतीवर?"

"उजेड असतो," मी म्हणालो, आणि तेवढ्यावर थांबणार होतो. बाई वाट बघत होत्या.

"मी मुलांकडे बघत नाही, बाई. मला त्यांची भीती वाटते."