सव्वा मापटं

इंदिराबाईंनी पितळी मापटं गव्हाच्या कोठीत खुपसलं, वर आलेली शीग तळहातानं सारखी केली आणि गहू परातीत ओतले. मग पाव मापटं वेगळं. तेही अंदाजानं नव्हे, डोळे बारीक करून.

“निंबाना बाप,” त्या म्हणाल्या. लग्नाला बावन्न वर्षं झाली तरी नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून निघत नसे. देवीच्या कामातही नाही.

पुन्हा सव्वा मापटं. “प्रेमराज.” पुन्हा. “नवीन.” पुन्हा. “निंबा.”

सुनिता परातीशेजारी सूप घेऊन बसली होती. प्रेमराज तिचा नवरा, नवीन धाकटा दीर, आणि इंदिराबाई थोरली जाऊ. सगळं घर त्यांना अक्का म्हणे. घराण्याची देवी कानबाई दर श्रावणात तिघा भावांकडे पाळीनं बसायची. यंदा ती जळगावला, मेहरूणमध्ये, सुनिताच्या घरी येणार होती. तिच्या नैवेद्याला गव्हाच्या जाड पोळ्या लागत; त्या रोटांचे गहू मोजायला अक्का धुळ्याहून एसटीनं आल्या होत्या, पिशवीत मापटं घेऊन. माप त्यांच्याच हातचं, सासूबाई गेल्यापासून.

इतर घरांत रोटाला माणशी सव्वा मूठ धान्य घेतात. या घरात सव्वा मापटं. पणजोबांच्या काळी गडी शेतावरून येऊन तेवढं खात, असं सांगत. आता घरातले गडी खुर्चीवर बसून कामं करत, पण माप कोणी कमी केलं नव्हतं. आणि माप पुरुषांच्या नावाचंच, त्यांच्या आयुष्यासाठी. पाळण्यातल्या पोराचंही घ्यायचं, पण बाईचं नाही.

“अभिमन. बादल.” निंबाच्या पाठचे, अक्कांचे हे दोघे सुरतेला. “ललित.” सुनिताचा एकुलता, पुण्याला. मग नवीनचे दोघे, मग निंबाची दोन लहान पोरं. सुनिता मनात मोजत होती. अकरा.

अक्कांचे ओठ हलले. नाव ऐकू आलं नाही. आणखी एक सव्वा मापटं परातीत पडलं.

“अक्का, गडी अकरा. बारा मापं झाली.”

“देवीना गहू कोनी मोजस का?” अक्कांनी कोठीचं झाकण लावलं. “सूप धर.”

सुनिताला मोजायची सवय जडली होती, त्याला अक्का तरी काय करणार? वैशाखात डॉक्टरांनी कागद तिच्यापुढे सरकवला होता. तीन महिन्यांत सरासरीची साखर सातच्या खाली आली नाही, तर इंजेक्शन. सुनितानं मान हलवली आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर येऊन बसली. तिच्या आईचा डावा पाय साखरेनं घोट्यापासून गेला होता. शेवटची चार वर्षं आई पलंगावरून सांगायची, “सुने, पायाला खाज सुटली गं,” आणि सुनिता नसलेल्या पायाच्या जागी चादर खाजवायची.

त्याच आठवड्यात तिनं डॉक्टरांना विचारून मोहिनी मॅडमच्या वजन उतरवायच्या गटात नाव घातलं. गटात तेवीस बायका. सकाळी सहाला मेहरूण तलावावर दोन फेऱ्या. जेवण दोनदाच, अकराला आणि साडेसहाला. मधे पाणी, नाहीतर कोरा चहा. संध्याकाळचं जेवण उरकलं की ताट घासून ओट्यावर उपडं घालायचं, त्याचा फोटो गटावर टाकायचा आणि खाली लिहायचं, ‘ताट उपडं’. जिचं सातपर्यंत येणार नाही तिला तिच्या जोडीदारणीचा फोन. सुनिताची जोडीदारीण पुनम. गल्लीच्या तोंडाशी ब्यूटी पार्लर चालवायची, वयानं सुनिताच्या निम्मी आणि बोलायला फटकळ.

“काकू, काय गिळताय अजून? घाला ते ताट उपडं!”

त्या फटकळ तोंडानं आठ किलो उतरवले होते.

उपास सुनिताला नवे नव्हते. सोमवार नवऱ्यासाठी, गुरुवार ललितसाठी, चतुर्थी घरासाठी. तीस वर्षांत एक चुकला नाही. त्या उपासांचं घरात कौतुक होतं, खिचडी होती, वर शेंगदाण्याचा लाडू होता. हा नवा उपास तिनं तसाच घेतला होता, देवापुढे दिवा लावून, पाण्याच्या तांब्यावर हात ठेवून, नव्वद दिवसांचा नेम म्हणून. पण हा होता स्वतःच्या नावाचा, आणि घराला तेवढंच खुपत होतं.

“नवरा जिवंत असताना घरात ताट उपडं घालते,” प्रेमराज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. हसत सांगायचा, पण सांगायचाच.

नव्वदावा दिवस गुरुवारी होता. गुरुवारी सकाळी रक्त द्यायचं होतं.

रविवारी कानबाई बसली. चौरंगावर नथ घातलेला नारळ, हिरवं पातळ, केळीचे खांब. दुपारी नैवेद्य दाखवून झाल्यावर सुनितानं पदर पसरून प्रसाद घेतला, तुपात भिजलेला एक रोट सावकाश खाल्ला आणि ताटाला नमस्कार केला. संध्याकाळचं ती साडेसहालाच वाटीभर वरण आणि काकडीवर उरकून मोकळी झाली. आठला आरती झाली. पुन्हा पंगत बसली आणि अक्कांनी तिच्यापुढे ताट सरकवलं. दोन रोट, शेजारी दुधाची वाटी.

“खाय.”

“माझं झालं अक्का. दुपारी प्रसाद घेतला ना.”

“व्हयनं म्हंजे काय? सनना दिन शे.”

नवीननं ताटातून मान वर केली. “वहिनी, ती मॅडम कानबाईहून मोठी झाली का आता?”

सगळे हसले. निंबाची पोरं कशाला हसायचं ते न कळता हसली. प्रेमराजही हसला, रोटाचा तुकडा दुधात बुडवत म्हणाला, “विचारू नको बाबा. उद्या मलाही उपडा घालेल.”

“तसं नाही भाऊजी,” सुनिता हळूच म्हणाली. तिचा आवाज कधीच चढत नसे. ती ते ताट उचलून आत गेली, रोट झाकून ठेवले, ताट घासलं आणि ओट्यावर उपडं घातलं. आवाज एवढा झाला की बाहेरचं हसू थांबलं.

सोमवारी तलावावर कानबाईचं विसर्जन झालं. गटाच्या बायका तेव्हा फेऱ्या मारून बाकावर बसल्या होत्या. पुनम उठून आली, देवीला हळदकुंकू वाहिलं आणि सुनिताच्या कानाशी लागली, “काकू, चेहरा असा का? तीनच दिवस राहिले आता.”

सुनितानं नुसता तिचा हात दाबला.

दुपारी मंडळी निघाली. अक्कांनी जाता जाता स्टीलचा डबा सुनिताच्या हातात दिला. डबा दोन्ही हातांनी धरावा लागला. हजर होते त्यांनी आपापलं खाल्लं होतं; सुरतेचे, पुण्याचे, नवीनचे दोघे, यांचं सगळं पीठ तसंच होतं.

“पुनीना आत संपाड. भाऊबंदकीबाहेर कण जावाले नको. जनावरले बी नको.”

“अक्का, मला गुरुवारी तपासणी…”

“दर साल तूच संपाडस ना?” अक्कांनी चप्पल पायात सरकवली. चिडून नव्हतं बोलणं. ऊन पडलंय, तसं सांगितलं.

ते खरंच होतं. कानबाई कोणाच्याही घरी बसो, उरलेलं पीठ शेवटी सुनिताकडे यायचं. अक्कांना दात नव्हते, नवीनच्या बायकोला पित्त होतं. पोरं नोकरीला लागून पांगली त्याला सहा वर्षं झाली. सहा श्रावण सुनिता सकाळी रोट, संध्याकाळी रोट खात आली होती, पौर्णिमेच्या आत कण संपला पाहिजे म्हणून.

मंगळवारी सकाळी ती तवा ठेवत होती, तर प्रेमराज स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

“मला दोन पोळ्याच टाक. रोट छातीवर बसतो.”

“आणि हा डबा?”

“तू आहेस ना.”

तितक्यात फोन वाजला. पडद्यावर ललित, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. मागे काचेची भिंत, हातात कॉफी.

“कशी झाली कानबाई? यायचंच होतं गं, पण सुट्टीचं जमलं नाही.” मग डोळे मिचकावून म्हणाला, “माझ्या वाटचा खाल्लास ना, आई? दरवर्षीसारखा?”

सुनितानं फोन ओट्यावर पालथा ठेवला. ललितचा आवाज खालून येत राहिला, “आई? दिसत नाहीयेस. आई?” तिनं तव्याखालचा गॅस बंद केला. कणकेनं भरलेल्या बोटांकडे ती बघत राहिली. पोराच्या परीक्षांसाठी गुरुवार धरले. पोराच्या नोकरीसाठी गुरुवार धरले. आणि वर पोराच्या वाटचं अन्न खाल्लं, तेही त्याच्याच आयुष्यासाठी. तिला आईचा पाय आठवला. आईनं कोणाकोणाच्या वाटचं खाल्लं होतं, हे कोणी मोजलं नव्हतं.

हात धुऊन ती देवघरापुढे बसली. विझत आलेल्या दिव्यात तेल घातलं.

“माझं भांडण तुझ्याशी नाही, माय,” ती म्हणाली आणि उठली.

अक्का मापटं इथंच विसरल्या होत्या. सुनितानं वर्तमानपत्र पसरलं, जाड पिशव्या घेतल्या आणि पीठ मोजायला सुरुवात केली. दळल्यावर पीठ फुगतं म्हणून मापटं सारखं न करता शिगोशीग भरलं. सव्वा मापटं अभिमनचं. सव्वा बादलचं. प्रत्येक पिशवीला गाठ मारून तिनं काळ्या पेननं नाव लिहिलं. ‘ललित’ लिहिताना पेन इतकं दाबलं की पिशवी फाटली. तिनं दुसरी घेतली.

“हे काय चाललंय?” पोळ्यांची वाट बघून प्रेमराज आत आला होता.

“ज्याचं त्याला पाठवते. दुपारी ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात नेऊन देते, उद्या पोचेल.”

“रोटाचं पीठ पार्सल? डोकं फिरलं का तुझं? अक्काला कळलं तर…”

“भाऊबंदकीबाहेर जाऊ नये, एवढंच आहे ना?” सुनितानं वर पाहिलं. आवाज तसाच मऊ. “ललित भाऊबंदकीबाहेरचा आहे का?”

प्रेमराजनं एक पिशवी उचलून पाहिली. मग म्हणाला, “त्याला रोट करता येतात का?”

“मला तरी कुठं येत होते?”

तिच्या हातातल्या मापट्याकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो खुर्ची ओढून टेबलाशी बसला. तिनं झाकलेल्या पातेल्यातला रविवारचा रोट काढला, ताटात ठेवला आणि त्याच्यापुढे सरकवला. मग त्यानं तुकडा मोडला.

पाच पिशव्या झाल्या. डब्यात पीठ उरलंच. सुनितानं मापटं बुडवून पाहिलं. पुरतं एका माणसाचं होतं. तिला परातीत पडलेलं बारावं माप आठवलं, आणि अक्कांचे हललेले ओठ. तिनं धुळ्याला फोन लावला.

“अक्का, पाचांचं बांधलं. ज्याच्या त्याच्याकडे पाठवते आहे.”

बोलणी ऐकायची तयारी सुनितानं केली होती. पदराचं टोक तिनं मुठीत घट्ट धरलं होतं.

“बांधी का गाठ नीट?” अक्का म्हणाल्या.

“बांधली. पण एक जास्तीचं उरतंय. ते कोणाचं?”

कोणी खोलीत आहे का ते पाहून आल्यासारखा अक्कांचा आवाज खाली आला.

“मन्हं शे ते.”

“तुमचं?”

“सासू गयी तधयपासून टाकस. नाव नही लेत. कोनले सांगू नको.”

म्हणजे एकवीस वर्षं. एकवीस वर्षं ही बाई बायकांचं माप नसतं म्हणून सांगत होती आणि आपलं टाकत होती.

“आणि माझं?” सुनितानं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज चढला होता. टेबलाशी प्रेमराजचा हात थांबला. “अक्का, माझं कुठंय?”

“मी मन्हा हातनी मन्हं टाकं,” अक्का म्हणाल्या. “तुले हात नहीत का?”

सुनितानं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला. सहावी पिशवी घेतली, सव्वा मापटं पीठ भरलं, गाठ मारली. नाव लिहिताना क्षणभर थांबली. थोरल्या जावेचं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं, लिहायचं तर दूरच. मग पाच पिशव्यांवर लिहिलं होतं तेवढ्याच मोठ्या अक्षरात तिनं लिहिलं, ‘इंदिराबाई’.

“तुमचं पीठ संध्याकाळच्या एसटीनं येतंय. पुनवेच्या आत संपवा.”

“दात नहीत वं मले.”

“दुधात भिजवा.”

पलीकडे श्वास सोडल्यासारखा आवाज आला. हसू होतं की काय, कळलं नाही. “बरं. मन्हं मापटं बी धाडी दे त्यासंगे. पुढला साल नवीनकडे लागी.”

सुनितानं मापट्याकडे पाहिलं. काठाला पोचा आलेला, आत पीठ चिकटलेलं. पदरानं तिनं ते आतून पुसलं, बाहेरून पुसलं.

“ते राहू द्या इथं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी साडेसहाला ती जेवली. ज्वारीची अर्धी भाकरी, मेथी, ताक. पावणेसातला तिनं गटावर फोटो टाकला. मिनिटभरात पुनमचा फोन आला.

“काकू, ताट उपडं दिसलं. शाबास! पण ताटाशेजारी ते सुलटं काय ठेवलंय?”

“मापटं आहे.”

“कशाचं?”

“गव्हाचं,” सुनिता म्हणाली. “सकाळी सहाला ये वेळेवर. परवा रक्त द्यायचंय.”