बेंबी बसवणारी रतनबाई

बैलानं पोटात धडक दिली म्हणून आबासाहेबांना रतनबाईच्या ओसरीवर आणून निजवलं, तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की देव आहे. राहुरीच्या त्या पंचक्रोशीत सरकलेली बेंबी बसवणारी ती एकटीच. पोटावर दिवा ठेवायचा, त्यावर तांब्या पालथा घालायचा, मग तेलानं पोट चोळायचं. गावाची निम्मी वैद्यकी एवढ्यावरच चालायची.

चार वर्षांपूर्वी, अडुसष्ट साली, ह्याच आबासाहेबांनी न बघता ट्रॅक्टर मागं घेतला आणि तिच्या नवऱ्याला, कानिफनाथला, बांधाशी दाबलं. वरून जखम काहीच नव्हती. बेंबीच सरकली समजून तिनं दोन दिवस त्याचं पोट चोळलं. तिसऱ्या दिवशी नगरच्या डॉक्टरानं छातीचा फोटो काढला. पोट आणि छातीमधला पडदा त्या दणक्यानं फाटून आतडी वर छातीत शिरली होती. डॉक्टरानं आपली नळी तिच्या कानाला लावून नवऱ्याच्या छातीतली गुडगुड ऐकवली. माणूस काही वाचला नाही. आबासाहेबांनी मात्र गावभर केलं, की ट्रॅक्टर लागलाच नाही, बाईच्या हातानं गेला. तेव्हापासून ती हे ऐकत होती आणि बोलणाऱ्यांचीच पोटं चोळत होती.

निजवल्यावर आबासाहेबांची धाप वाढली. रतनबाईनं त्यांच्या डाव्या बरगडीवर कान टेकला. आत तीच गुडगुड. त्यांची बायको बनुबाई दिवा पेटवून तयारच होती. नेहमीसारखं चोळत बसलं की काम फत्ते.

"काय झालंय ते मला ठाऊक हाय," रतनबाई म्हणाली. "पन आदी सांगा, माजा मालक कशानं गेला? न्हाईतर हा दिवा हाय, हा तांब्या हाय."

आबासाहेबांनी तोंड फिरवलं. न्हाई म्हण, ती मनात म्हणाली, एकदा न्हाई म्हण.

अर्धं गाव अंगणात उभं होतं. श्वास पुरेना तेव्हा ते बोलले, "माज्या ट्रॅक्टरनं. म्या मागं बघितलंच न्हाई."

हेच ऐकायला ती चार वर्षं तळमळली होती, आणि ऐकल्यावर तिला संताप आला. मेला अडून बसला असता तर किती बरं झालं असतं. तिनं दिवा फुंकला आणि जीप काढायला सांगितली.

आडवं झालं की जीव जास्तच घुसमटतो, म्हणून नगर येईपर्यंत तिनं त्यांना खांद्याला धरून बसतं ठेवलं. बनुबाई रडत रडत तिला देवमाणूस म्हणाली. रतनबाईनं तिच्याकडं बघितलंही नाही. आज अर्ध्याच गावानं ऐकलं होतं. पारावर, बाजारात, येईल त्या पाहुण्यापुढं तिला ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं, आणि त्यासाठी तो अजून चांगली वीस वर्षं जगायला हवा होता.