टाचणी की फुलपाखरू

माझी बायको फुलपाखरांवर काम करते, माझी ताई टाचण्यांवर. टाचणी म्हणजे चतुराची सडपातळ बहीण. बसली की पंख पाठीवर मिटून घेते. दोघी एकाच खात्यात. जेवताना अळ्यांच्या गप्पा निघाल्या की मी ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायचो.

दोघींचे कीटक एकाच टेकडीखाली राहत होते. टाचणीची पिल्लं झऱ्याच्या ओढ्यात, फुलपाखराच्या अळ्या शेजारच्या ओल्या कुरणातल्या झुडपांवर. वरच्या अंगाला पंप बसले आणि झरा निम्म्यावर आला. आता पाणी एकालाच पुरणार होतं.

"तुलना करा आणि एक नाव द्या," त्यांचे साहेब म्हणाले. "टाचण्या तर माझ्या ड्रॉवरमध्येही डबाभर आहेत." आणि स्वतःच हसले.

दोघींना गाडीतून टेकडीवर मीच न्यायचो. बायकोचं मत टाचणीला होतं. "ताई, फुलपाखरू अजून एका ठिकाणी आहे. ही दुसरीकडे कुठेच नाही."

ताईनं चाळण ओढ्यात बुडवून वर काढली. नुसता गाळ. "पिल्लंच नाहीत गं. उडतायत त्या म्हाताऱ्या. पाणी कुणाला द्यायचं?"

"अजून शोधूया."

"खूप शोधलं. फुलपाखरू लिही."

झऱ्याच्या तोंडाशी लावलेली फळी सरकवून पाणी कुरणात ताईनंच वळवलं. ओढा आटत गेला. त्यानंतर ताईला जेवण जाईना. विचारलं की म्हणायची, पित्त झालंय.

पुढच्या मोसमात फुलपाखरं निघाली ती बोटांवर मोजण्याइतकी, आणि सगळ्या माद्या. नर एकही नाही. त्यांनी घातलेली अंडी पानांवरच वाळून गेली. ते दुसरं ठिकाण तोवर नांगरलं गेलं होतं.

हे कळलं त्या दिवशी दोघी कुरणात बसल्या होत्या, मी जरा मागे.

"ओढ्यात पिल्लं होती," ताई हळूच म्हणाली. "दगडांच्या पार खाली. पाणी आटल्यावर सापडली, वाळलेली."

"माहीत आहे. मीही दगड उलटले होते."

"मग बोलली नाहीस?"

"तुमच्या घशाखाली घास उतरत नव्हता, ताई. त्यात आणखी काय बोलणार?"

ताई गवताची काडी मोडत राहिली. बायकोनं विचारलं, "पाणी परत ओढ्यात सोडायचं का?"

"कशाला? झुडपं तरी जगू देत."

मी गाडी काढायला उठलो. दोघींतली कुणीच उठली नाही, म्हणून मीही परत खाली बसलो.