वालब्राकच्या शिडीला नोकरी लागते

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. वालब्राकच्या सुताराने मला अक्रोड उतरवण्यासाठी घडवले. तीस वर्षे मी अक्रोड उतरवले. मग झाड गदागदा हलवणारे यंत्र आले आणि मला फोवेलांच्या गोठ्यात आडवे टांगण्यात आले. तेथे एकोणीस वर्षे माझ्यावर कोंबड्या बसल्या. त्या माझे कौतुकही करत असाव्यात. कोंबड्यांचे नक्की कळत नाही.

त्या घरच्या गिलेनबाई कारखान्यात हातमोजे शिवत. तो कारखाना बंद पडला. नंतरची आठ वर्षे त्यांच्यावर कोंबड्याही बसल्या नाहीत.

मग गावात योजना आली. ज्याला वर्षभर काम नाही, त्याला काम मिळालेच पाहिजे. यादी महापौर ब्रेसू यांच्या हाती. आमच्या गावात माणसे तीनशे बारा असली, तरी महापौर पूर्ण एक आहे. त्यांनी गिलेनबाईंचे नाव तीनदा गाळले.

"अहो महापौर, माझं काय चुकलं?"

"तुमच्या वडिलांचा कुत्रा. एकाहत्तर साली त्यानं आमच्या हातातलं रानडुक्कर पळवून लावलं."

"कुत्रा मेला की हो कधीच!"

"रानडुक्करही मेलं असेल. मुद्दा तो नाही."

शेवटी पॅरिसहून सरकारचे पत्र आले : कोणालाही गाळता येणार नाही. गिलेनबाईंनी मला गोठ्यातून सोडवले आणि आम्हा दोघींची नोकरी एकाच दिवशी सुरू झाली. पॅरिसचे हे उपकार मी विसरणार नाही.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या छपरांच्या पन्हळी साफ करायच्या, हे काम गावाने शोधले. लाकोंबआजींच्या पलंगावर चार हिवाळे पाणी गळत होते, ते थांबले. आजींनी मला अक्रोडाचे तेल चोळले. गावाचे हे उपकारही मी विसरणार नाही.

पण पॅरिसने कामांची यादीही पाठवली. पहिले काम : समुद्रकिनारा झाडणे. समुद्र आमच्यापासून तीनशे किलोमीटर आहे. महापौरांनी उत्तर लिहिले, "झाडू तयार आहेत. समुद्र पाठवा."

समुद्र आला नाही. तेसिए नावाचे तपासनीस आले. यादीबाहेरचे काम चालू असताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तरच ते काम. नाहीतर गिलेनबाईंची नोकरी बंद.

लाकोंबआजींची मागची पन्हळ अजून बाकी होती. तेसिए अंगणात पोचले आणि चर्चमध्ये बाराचे टोले पडले. गिलेनबाई अर्धी पन्हळ टाकून खाली उतरल्या.

"बाई, एक मिनिट परत वर जाता का? फक्त पाहायचंय."

"बारा वाजले, साहेब. दोनपर्यंत जेवणाची सुट्टी."

तेसिए ओशाळले आणि त्यांनी जेवणाचा रुमाल गळ्यात खोचला. शेवटी तेही याच देशाचे. सूप, बदक, चीज, मग दुसरे चीज. दोन वाजले. त्यांची गाडी दोन दहाची होती.

दोनच्या ठोक्याला गिलेनबाई वर चढल्या. अंगणात चिखल होता. मी घसरू लागले. जेवायला आलेल्या महापौरांनी धावत येऊन माझा डावा पाय धरला. उजवा तेसिए यांनी. आणि दोघांची तिथेच जुंपली.

"काम कोणतं, ते गावच ठरवणार!"

"आणि माणसं? ती कुत्र्यावरून निवडणार?"

"समुद्र कुठाय ते आधी सांगा!"

आमच्याकडे हातवारे केल्याशिवाय भांडण पुरे होत नाही. दोघांच्याही पकडी सैल होऊ लागल्या. तेवढ्यात वरून आवाज आला, "भांडा खुशाल! पण हात सोडू नका! वर माणूस आहे!"

दोघांनी हात घट्ट केले आणि मान हलवून भांडण चालू ठेवले. गाडी निघून गेली. पन्हळ साफ झाली. तेसिए यांनी उजवा हात न सोडता माझ्याच पायरीवर कागद ठेवून डाव्या हाताने वेडेवाकडे लिहिले : काम पाहिले.

मित्रांनो, योजना गावाने चालवावी की पॅरिसने, हे शिडीला काय कळणार? एका पायावर उभे राहता येत नाही, एवढे मला कळते. मी प्रयत्न करून पाहिला आहे. तुम्हीही मोठे व्हाल आणि असे वाद घालाल. जरूर घाला. फक्त हात सोडू नका, आणि अधूनमधून वर पाहत जा.