मृगात पेरलेला घास

घास मृगातच पेरायचा, असा हुकूम बनुबाईनं सोडला तेव्हा सून दीपमाला एवढंच म्हणाली, "आत्याबाई, लसूणघास थंडीत टाकत्यात. आमच्या कुंडलला दिवाळीनंतरच वाफं करत्यात."

"कुंडलचं मला सांगू नगंस. भुईमूग मृगात, ज्वारी मृगात, आन् ह्या गवताला कुठला येगळा मुहूर्त?"

दीपमालाचा नवरा पलटणीत; तिची बाजू घेणारं घरात कुणी नव्हतं. लेकीच्या म्हशीला बारमाही हिरवं मिळावं म्हणून तिच्या वडिलांनी, दादासोंनी, निवडून बी पाठवलं होतं. ते वाफ्यात पडलं. आषाढात पाणी तुंबलं, तण माजलं, घास पिवळा पडून मुळासकट कुजला.

आपलं चुकलं म्हणेल तर ती बनुबाई कसली! भावकीतल्या साखरपुड्यात दादासो पंगतीला बसले होते. भात वाढता वाढता ती मोठ्यानं बोलली, "पाव्हणं, लेकीला बी तरी धड द्यायचं हुतं. समदं पोचट!"

पंगत हसली. दादासोंनी मान वर केली नाही. दिवाळीला लेकीला न्यायला मुराळीसुद्धा आला नाही.

पोत्याच्या तळाचं मूठभर बी बनुबाईनं कोंबड्यांपुढं फेकलं होतं. थंडी पडली आणि मोरीच्या कडेला, कोंबड्यांच्या चोचीतून सुटलेलं, दाट हिरवंगार उगवून आलं. इकडंतिकडं बघून बनुबाईनं उपटायला हात घातला.

"उपटू नगासा," मागून दीपमाला म्हणाली.

"तू कवा बघितलंस?"

"चार दिस झालं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलून काय? माज्या आबांनी भर पंगतीत ऐकलं. ते मोरीपाशी पुसतंय व्हय?"

बनुबाईनं हात मागं घेतला. पोरीला दिवाळीत उंबऱ्याशी बसून वाट बघताना तिनं बघितलं होतं, आणि वर टोमणाही मारला होता.

सकाळच्या एसटीनं ती कुंडलला गेली. दादासो ओसरीवर होते. ती उभ्यानंच म्हणाली, "तुमचं बियाणं खरं हुतं. पेरा माजा चुकला. पोरीनं सांगितलं हुतं, मीच ऐकलं न्हाई."

दादासोंनी तिला बसा म्हटलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "ह्ये माज्या ओसरीवर कोण ऐकतंय, बाई?"

तिनं तांब्या खाली ठेवला. "व्हय. खरं हाय."

गावात उतरल्यावर ती घरी गेलीच नाही. सरळ भावकीतल्या पहिल्या दारात जाऊन उभी राहिली. आतून साळूबाई म्हणाली, "या की आत, च्या टाकते."

"च्या नगं," बनुबाई म्हणाली. "घरातल्या समद्यांस्नी भाईर बोलीव."