शब्द देणारा माणूस

प्रश्न ठकीला होता. उत्तर तिच्या बापाने दिलं.

मुलाखत कुणाची घेणार आहेस, एवढंच बाईंनी विचारलं होतं. ठकीने बाकाची कड धरली, हनुवटी थोडी वर केली आणि ‘च’वर ती अडली. जीभ टाळूला चिकटून बसली, गळ्याची शीर ताठ झाली. दोन क्षण गेले असतील नसतील, तोच बापाने शेजारून हलकेच, जवळजवळ तिच्याच आवाजात शब्द सरकवला.

“चालकाची. शाळेच्या बसच्या.”

ठकीने मान डोलावली. बाप मग पुढचंही बोलून मोकळा झाला. सगळ्या वर्गासमोर, पालकांसमोर उभं राहून मुलाखत घ्यायची म्हणजे दहा वर्षांच्या पोरीच्या जिवावर येणार. त्यापेक्षा तिला ती लिहून आणू द्यावी. अक्षर बघितलंत ना तिचं, मोत्यासारखं आहे.

बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग समोरच्या गठ्ठ्यातला एक कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. मुलांनी आपापली नावं आणि कुणाची मुलाखत घेणार ते स्वतःच लिहिलं होतं. ठकीच्या नावापुढे त्या मोत्यासारख्या अक्षरात होतं: चष्म्याच्या दुकानातले काका.

बापाने कागदाकडे पाहिलं, मग ठकीकडे. ती खिडकीतून मैदान बघत होती. जणू या सगळ्याशी तिचा काही संबंधच नव्हता. बाईंनी दोन पुस्तकं तिच्या हातात देऊन तिला वाचनालयात पाठवलं.

ठकीचा बाप नाटकात प्रॉम्प्टर होता. बावीस वर्षं विंगेत उभं राहून त्याने नटांना शब्द दिले होते. चार चार नाटकांच्या संहिता त्याला तोंडपाठ असत. नाट्यगृहातली सगळ्यात ज्येष्ठ नटी म्हणायची की याने दिलेला शब्द ऐकू येत नाही, आपल्यालाच आठवला असं वाटतं. हे कौतुक तो गंमत म्हणून चारचौघांत सांगायचा, पण मनातून त्याला त्याचा फार अभिमान होता. घरीही त्याने तेच केलं होतं. ठकी बोलायला लागल्यापासून अडखळायची, आणि ती अडली की बाप शब्द द्यायचा. दुकानात, दवाखान्यात, पाहुण्यांसमोर. इतक्या सफाईने, की कित्येकांना ठकी अडखळते हे ठाऊकच नव्हतं.

“एखादा अंदाज चुकतो,” तो बाईंना म्हणाला.

बाईंनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी त्याच्या कामाविषयीच विचारलं. रंगमंचावर नट थांबला, की लगेच शब्द देता का?

“छे, छे. तो विराम घेतोय की अडकलाय, ते आधी बघावं लागतं. विरामात शब्द दिला तर तो नट मला उभा चिरेल.”

“मग कळतं कसं?”

“डोळ्यांवरून. अडकलेला माणूस विंगेकडे बघतो.”

बाईंनी टेबलावरची खडूची पूड हाताने एका बाजूला लोटली.

“ठकी कधी बघते तुमच्याकडे?”

त्याने दुकान आठवून पाहिलं, दवाखाना आठवून पाहिला. खरंच आठवेना.

बाईंनी त्याच्याकडून तीन आठवडे मागून घेतले. मुलाखतीच्या दिवसापर्यंत ठकीच्या तोंडात शब्द घालायचा नाही. सावकाश बोल म्हणायचं नाही, श्वास घे म्हणायचं नाही, दुसरीकडे बघायचं नाही. तिच्याकडे बघायचं आणि तिचं होईपर्यंत थांबायचं. तिचं अडखळणं जाईल की राहील हे आपल्याला माहीत नाही, बाई म्हणाल्या. पण अडखळत का होईना, बोलणं तिचं असलं पाहिजे. तेवढं शाळा करू शकते, तेवढं घर करू शकतं.

“तुमचा जीव गुदमरेल,” दारापर्यंत येत त्यांनी सांगितलं. “तिचा नाही गुदमरणार. तिला सवय आहे.”

पहिल्याच दिवशी जेवताना परीक्षा झाली. ठकीने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, “आज मी शि...”

शिक्षा! कुणी केली, कशाबद्दल केली, आत्ताच्या आत्ता बाईंना फोन लावावा का, हे सगळं बापाच्या डोक्यात येऊन गेलं तरी ठकी अजून ‘शि’वरच होती. त्याने आपला डावा हात मांडीखाली दाबून धरला. आईने वाढता वाढता त्याच्याकडे पाहिलं आणि हातातला चमचा तसाच धरून तीही थांबली.

“शि-शिडीवर चढले. वाचनालयातल्या. वरच्या फळीपर्यंत.”

“पडली नाहीस ना?” आईने विचारलं.

“पडले असते तर आधी तेच सां-सांगितलं नसतं का?”

आई हसली. बापाने मांडीखालून हात काढला; बोटांना मुंग्या आल्या होत्या.

त्यानंतर घरातली जेवणं लांबायला लागली. ठकीचं अडखळणं काडीचंही कमी झालं नाही. उलट ती जास्त बोलायला लागल्यामुळे जास्तच अडायची. पण आता ती मधेच सोडून देत नव्हती. बापाला रोज नवीन काहीतरी कळत होतं. तिला शेजारचा कुत्रा आवडत नव्हता; आवडत होतं ते त्याचं भुंकणं. बसमध्ये ती खिडकीशी बसायची ती बाहेर बघायला नाही, तर काचेला कान लावला की इंजिनाचा आवाज वेगळा ऐकू येतो म्हणून. आणि तिला विनोद करता येत होते. तिच्या विनोदांना वेळ लागायचा, पण शेवटचा शब्द यायचा तेव्हा तो नेमका जागेवर पडायचा. बावीस वर्षं नाटकात घालवलेल्या माणसाला त्याची किंमत कळत होती. या घरात इतका चांगला विनोदी नट राहतो याचा त्याला पत्ताच नव्हता.

तो खुशीत होता. तालमीला जाताना शीळ घालायचा. जमलं आपल्याला, असं त्याला वाटायला लागलं होतं.

दुसऱ्या रविवारी तो ठकीला चित्रकलेच्या वर्गाला सोडायला निघाला. तीन वर्षं दर रविवारी ती जात होती. बैठकीच्या खोलीत तिची चौदा चित्रं चौकटीत घालून त्याने स्वतः टांगली होती. रस्त्यात त्याने सहज विचारलं, की तुला चित्रकला शिकावीशी वाटली ती कशावरून?

ठकीने ब्रशची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, “मी चि-चिकणमाती म्हणत होते.”

“काय?”

“तू विचारलं होतंस, सुट्टीत काय शि-शिकायचंय. मी म्हणत होते चि-चिकणमाती. भांडी करतात ती. तू म्हणालास, चित्रकला.”

बाप रस्त्यातच थांबला. “मग तेव्हा सांगितलं का नाहीस ग?”

ठकीने वेळ घेतला. “तुला इतका आ-आनंद झाला होता, बाबा.”

एवढं बोलून ती पिशवीतले ब्रश खुळखुळवत वर्गाच्या दारातून आत गेली.

दुसऱ्या दिवशी तालीम संपताच तो गावभर हिंडला. मातीकाम शिकवणारा एक वर्ग शोधून काढून तिथे त्याने ठकीचं नाव घातलं, एक जाड कापडाचा एप्रन घेतला, मातीची एक जड पिशवी खांद्यावरून घरी आणली. ठकी शाळेतून यायच्या आत बैठकीच्या खोलीतली चौदाही चित्रं त्याने उतरवून ठेवली. तिची आई कामावरून आली तेव्हा तो रिकाम्या भिंतीसमोर उभा होता, घामाघूम आणि समाधानी. त्याने तिला सगळं सांगितलं.

ठकीची आई चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना फ्रेम बसवून द्यायची. समोरच्याचं नाक-डोळे नीट बघून मगच बोलायची तिला सवय होती. तिने पर्स खुंटीला लावली, भिंतीवरचे चौदा खिळे पाहिले.

“ठकीला विचारलंस?”

त्याने मातीच्या पिशवीकडे पाहिलं.

“मग आतासुद्धा तूच बोललास.”

तिच्या आवाजात राग नव्हता. ती चहा ठेवायला आत गेली. त्याने मातीची पिशवी गॅलरीत सावलीत ठेवली, वर ओलं पोतं टाकलं, आणि एकेक चित्र पुन्हा खिळ्याला लावलं. ठकी आली तेव्हा शेवटचं चित्र सरळ होत नव्हतं. तिने दप्तर न उतरवता ते जरासं डावीकडे ढकललं आणि आत निघून गेली.

मुलाखतीच्या दिवशी वर्गात मागच्या भिंतीशी पालकांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आई काम करायची त्या चष्म्याच्या दुकानात आतल्या खोलीत काचा घासणारे काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि ठकीपेक्षा तेच जास्त घाबरले होते. ठकीने प्रश्नांचा कागद हातात धरला होता, पण त्याकडे बघत नव्हती. पहिले दोन प्रश्न अडखळत का होईना, पार पडले. तिसऱ्याला ती ‘चु’वर थांबली.

वर्ग थांबला. बाई फळ्याशी हाताची घडी घालून शांत उभ्या होत्या. बापाच्या जिभेवर एकामागून एक शब्द येऊन उभे राहिले; त्याने ओठ मिटून घेतले. शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांना राहवेना. ते त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, अहो, सांगा ना तिला काहीतरी.

बापाने ठकीच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते काकांवर होते.

“तिचं चाललंय,” तो म्हणाला.

पण काका भले गृहस्थ. मुलीचा अडलेला शब्द त्यांना बघवला नाही. “चुरा ना? उडतो ग बाई, फार उडतो,” म्हणत त्यांनी काचेचा चुरा, त्यावर सोडायची पाण्याची धार, नाकाला बांधायचा रुमाल, सगळं सविस्तर सांगितलं. ठकीने ते शेवटपर्यंत मन लावून ऐकलं.

“हे छान होतं,” ती म्हणाली. “पण माझा प्र-प्रश्न वेगळा होता.”

आधी काकाच हसले, मग अख्खा वर्ग. ठकीही हसली आणि हसू ओसरेपर्यंत थांबली. कधी थांबायचं ते तिला बरोबर कळत होतं. मग तिने पुन्हा सुरुवात केली.

“चु-चुकीच्या नंबरचा चष्मा लागला, तर माणसाला लगेच कळतं का?”

“नाही ना!” काका आता सैलावले होते. “डोकं दुखतं, पायऱ्या चुकतात. पण माणूस म्हणतो, माझेच डोळे वाईट. चष्म्यावर कुणी संशय घेत नाही. त्यातून तो घरच्यांनी हौसेने आणून दिलेला असला, तर मग बघायलाच नको. वर्षानुवर्षं वापरतात.”

पालक हसले. ठकीच्या बापाने खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. ठकीने मान डोलावली आणि चौथा प्रश्न विचारला.

शाळा सुटल्यावर दोघं चालत निघाले. बाप मुलाखतीबद्दल बोलला नाही. बोलायला लागलो तर थांबता येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. चौकात सिग्नल लाल होता. पलीकडे जायला बरीच माणसं उभी होती.

“रविवारचं काय करायचं?” त्याने विचारलं. “चित्रकला, माती, की काहीच नको? मी काही ठरवलेलं नाही.” मग खरं तेच सांगावं म्हणून त्याने पुस्ती जोडली, “म्हणजे ठरवलं होतं. पण ते धरू नकोस.”

ठकीने विचार केला. “न...” ती म्हणाली आणि अडली.

नको. बापाने ते मनातल्या मनात मान्य करून टाकलं. बरोबरच होतं तिचं. तीन वर्षं पुष्कळ झाली.

“न-नवीन वही लागेल,” ठकी म्हणाली. “मोठी. जुनी भरली. आता मला चित्रं आवडतात.”

त्याने तिच्याकडे पाहिलं.

“आणि बाबा, म...” ठकी म्हणाली.

सिग्नल हिरवा झाला. माणसं त्यांच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघाली. कुणीतरी त्याला खांदा घासून गेलं, कुणीतरी वळून पाहिलं. ठकीची हनुवटी थोडी वर होती, डोळे कुठेतरी समोरच्या दुकानांवर. बापाने तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं. सिग्नल पिवळा झाला, मग लाल. दोघं फुटपाथच्या कडेला तिथेच उभे होते.