पहिल्या खुर्चीचा सूर

थीराला राग आला की आधी तिचे कान लाल होतात. त्या दुपारी चीनमधल्या वूशी शहराच्या सभागृहात ते इतके तापले होते की त्यांच्यावर अंडं तळता आलं असतं.

कारण होता एगॉन. गावातला दातांचा डॉक्टर, चेलो वाजवणारा, आणि त्यांच्या हौशी वाद्यवृंदाचा अध्यक्ष. डेन्मार्कच्या खाडीकाठच्या एका छोट्या गावातले मास्तर, नर्सा, बेकरीवाले असे पंचेचाळीस जण चीनच्या दौऱ्यावर आले होते आणि आज त्यांचा पहिला कार्यक्रम. तालीम संपली तसे कार्यक्रम ठरवणारे याओसाहेब दुभाषी मुलीला घेऊन एगॉनच्या कानाशी लागले. मग एगॉन घसा खाकरत ओबो हे सनईसारखं वाद्य वाजवणाऱ्या दोघींकडे, थीरा आणि बोडिलकडे, आला.

म्हणणं असं, की लोकांनी तिकिटं काढलीत ती परदेशी वाद्यवृंदाची. दुसऱ्या भागात पहिली ओबो, म्हणजे थीरा, एकटी वाजवते, तेव्हा सगळा प्रकाश तिच्यावर, मागच्या पडद्यावर तिचाच चेहरा. तिथं थीरा दिसली तर लोकांना वाटणार, ही इथलीच कुणीतरी भाड्यानं आणून बसवलीय. तेव्हा आजच्यापुरतं थीरानं आणि दुसऱ्या खुर्चीवरच्या बोडिलनं जागा बदलाव्यात.

थीरा अकरा महिन्यांची असताना याच देशातल्या अनाथाश्रमातून डेन्मार्कला दत्तक गेली होती. दर ऑगस्टला शाळेत नवे मास्तर विचारायचे, तू मूळची कुठली? ती सांगायची, बेकरीच्या मागच्या गल्लीतली. ते हसायचे आणि पुन्हा विचारायचे, हो, पण खरी कुठली? सगळी शाळा हे ऐकण्यात गेली. आणि आता अकरा तास प्रवास करून इथं आल्यावर कळतंय की ती पुरेशी परदेशीसुद्धा नाही. मग तिनं राहायचं तरी कुठं, विमानात?

"समजून घे, थीरा," एगॉन म्हणाला. "आपण इथं पाहुणे आहोत."

"तू पाहुणा आहेस. मी कोण, ते तू आत्ताच ठरवून आलास."

एगॉननं खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि ठरलंय आता, असं म्हणून निघून गेला. याओसाहेबांना नाही म्हणायला त्याला एक शब्द पुरला असता. तेवढाही त्याच्या तोंडून निघाला नाही, याचाच तिला जास्त संताप आला.

एकटीनं वाजवायच्या त्या सोळा ओळींसाठी थीरा तीन आठवडे ओबोच्या तोंडाची पत्ती चाकूनं तासत बसली होती. दोन बोटांना अजून पट्ट्या होत्या. आणि बोडिल? साठीची, सायकलवरून टपाल वाटणारी बोडिल, जिनं थीराला ओबो धरायला शिकवलं, ती शेजारी बसून मुकाट्यानं काळं ज्येष्ठमधाचं चॉकलेट चघळत होती. थीरानं तिच्याकडेही पाठ फिरवली.

साडेसातला सभागृह भरलं. थीरा दुसऱ्या खुर्चीवर बसली, दात आवळून.

कुठल्याही वाद्यवृंदात सुरुवातीला पहिली ओबो एक सूर देते आणि सगळे त्याला आपापली वाद्यं मिळवतात. व्हायोलिनवाल्यांची म्होरकी उठली, तिनं बोडिलकडे पाहून मान हलवली. बोडिलनं ओबो मांडीवर आडवी ठेवली आणि तिच्यावर हात जोडून बसली.

म्होरकीनं पुन्हा मान हलवली. सभागृहात कुणीतरी खोकलं.

"बोडिल, सूर," ती दातांतून पुटपुटली.

"माझ्याकडे नाही तो," बोडिल म्हणाली. तिचा आवाज चेलोंपर्यंत सहज पोचला. "पहिल्या ओबोकडे माग."

सगळ्यांच्या माना थीराकडे वळल्या. थीराला वाटलं होतं, अशा वेळी रडू येईल. आलं नाही. ती उठली आणि बोडिलसमोर उभी राहिली.

"सरक."

"किती वेळ लावलास," बोडिल म्हणाली आणि दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसली.

हजार लोक बघत होते. पडद्याआडून याओसाहेब हातवारे करत होते. थीरानं पहिल्या खुर्चीवर बसून पत्ती ओठांत धरली आणि सूर लावला, सरळ, धारदार, जराही न हलणारा. व्हायोलिनं मिळाली, तुताऱ्या मिळाल्या. म्होरकी खाली बसली, म्हणजे आता पुरे.

थीरा थांबली नाही. एगॉनच्या चेलोची एक तार उतरलेली होती. एवढ्या शांततेत ती सगळ्यांना ऐकू येत होती. तो घाईघाईनं खुंटी पिळत होता, घामाघूम, आणि थीरा त्याच्याकडे बघत तोच सूर धरून बसली होती.